एकही पोचा नसलेली गाडी

कुमुदताईंच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी एकच, आणि तीही जुनी. नवा शिकाऊ आला की नवा पोचा पडायचा. गॅरेज परवडत नसे, म्हणून ताई बंपरवर उकळतं पाणी ओतून पोचा आतून हाताने ढकलत, दारावरचा पोचा बेसिन साफ करायच्या रबरी पंपाने ओढून काढत आणि चऱ्यांवर लाल नेलपॉलिश फिरवत. तरी डागडुजी लपत नसे.

साखर कारखान्यातल्या मुलींना गाडी शिकवायचं काम निघालं. ते मिळालं नसतं तर ताईंना स्कूलला कुलूप घालावं लागलं असतं. काम कुणाला द्यायचं, हे होतं कारखान्याचे चेअरमन इंगवलेसाहेबांच्या हाती. साहेबांना स्वतःलाही गाडी येत नव्हती. “आधी मीच शिकून बघतो,” असं म्हणत ते ड्रायव्हरला घेऊन आपल्या कोऱ्या करकरीत गाडीतून आले.

जुन्या गाडीभोवती फेरी मारून ते गरजले, “अहो बाई, ही गाडी आहे की भंगार? नेलपॉलिश लावलंय हिला! एकही पोचा नसलेल्या गाडीवर शिकवणार असाल तर बोला. नाहीतर काम दुसऱ्याला देतो.”

शेजारच्या टपरीवरचे लोक चहा पिणं थांबवून ताईंकडे बघू लागले.

“चालेल की, साहेब,” ताई म्हणाल्या. “तशी गाडी आहे.”

“कुठाय?”

“ही काय, तुम्ही आणलीत ती. ड्रायव्हरला उतरायला सांगा आणि तुम्ही स्टिअरिंगवर बसा. लगेच सुरू करू.”

साहेबांनी आपल्या गाडीकडे पाहिलं. मग समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं.

“ताई, मुलींना उद्यापासून पाठवतो,” ते म्हणाले आणि मुकाट्याने जुन्या गाडीत जाऊन बसले.