केजाची रांग

थांबा पोरींनो, तो दांडा पाण्यात टाकू नका. हातातच धरा, नाहीतर त्या बाईच्या पाटीत टाका. पाटी भरली की ती त्या काळ्या खडकावर जाईल. या ओढ्यात साफसफाईला उतरायचं तर आमचा एवढा एकच नियम. हातमोजे घाला, टोप्या घाला, फोटो काढा, कोणी नाही म्हणत नाही. पण तोडलेलं काडीभरसुद्धा पाण्याबरोबर खाली जाऊ द्यायचं नाही.

तिकडे बघा, ओढा वळतो तिथं. या काठापासून त्या काठापर्यंत बायका उभ्या आहेत ना, पदर खोचून, जाळं धरून? मासे पकडत नाहीत त्या. वरून चुकूनमाकून निसटलेलं पान, दांडा, जे येईल ते अडवतात. तिला केजाची रांग म्हणतात. त्या रांगेत टोल्याच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, सुनाच उभ्या राहतात, लेकींना तिथं जागा नाही. मागच्या खेपेला तुमच्यातल्या एका साहेबांनी मला विचारलं, मन्साराम बुवा, खाली तर आता गावच नाही, मग ही राखण कोणासाठी? बसा सावलीत, सांगतो. माझ्या आजानं सांगितलं तेच सांगतो, पदरचं घालत नाही. घातलं तरी तुम्हाला काय कळणार म्हणा.

फार मागची गोष्ट. तेव्हा हा ओढा असा गचपणात बुडालेला नव्हता म्हणे. उभ्यानं बघितलं तरी तळाची वाळू दिसायची. टोला आमचा ढिवरांचा, मासळीवर जगणारा. पावसाळ्याच्या तोंडाला नदीतले मासे या ओढ्यानं चढत चढत वर आमच्या तलावात यायचे आणि त्यांच्यावर टोल्याच्या चुली पेटायच्या. मासे धरायला ओढ्यात आडवं कुंपण असायचं, बांबूचे खुंट ठोकून केलेलं, मधे टोपली लावायला जागा सोडलेली. त्या कुंपणाची राखण डोमाकडे होती. केजा ही डोमाची बायको.

केजाचं माहेर याच ओढ्यावर, पण खाली, नदीच्या जरा अलीकडे. तिथं मोठा डोह होता. सावरघाटचा डोह. त्या डोहावरच तिच्या बापाचा टोला जगायचा. म्हणजे बघा, नदीतून निघालेला मासा आधी बापाच्या दारावरून जाणार, मग लेकीच्या दारात येणार. असं सांगतात की केजाला माहेरची आठवण आली की ती पळसाचं पान पाण्यात सोडायची आणि म्हणायची, जा, माझ्या बाला सांग मी बरी आहे. तिकडे म्हातारा बाप संध्याकाळी जाळं धुवायला डोहावर यायचा. पान तरंगताना दिसलं की हसायचा, म्हणायचा, आली माझी माय. आता पळसाची पानं काय, ती कुठूनही वाहत येतात. पण म्हातारा मानायचा, आणि त्याला कोणी टोकायचं नाही.

मग एका वर्षी जंगलातला बांबू फुलला. बांबू फुलला की मरतो, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. आमच्या लोकांनी ते भोगलं. बेटंच्या बेटं वाळून गेली. इकडे कुंपणाचे खुंट कुजलेले, नवे आणायचे कुठून? डोमा दूरच्या बाजाराला गेला, तिथं एका बागेच्या कडेला त्याला हिरव्या दांड्यांची वई, कुंपणच म्हणा ना, दिसली. सरळ, अंगठ्याएवढे जाड दांडे, वर फिकट जांभळी फुलं. बागवाला म्हणाला, ने पाहिजे तेवढे, याला जनावर तोंडसुद्धा लावत नाही. डोमाला काय, आंधळ्याला डोळा मिळाल्यासारखं झालं. भारा बांधून आणला आणि खुंट म्हणून ओढ्यात ठोकला.

थोड्याच दिवसांत खुंटांना पालवी फुटली. तिथंच उपटून टाकले असते तर आज तुम्हाला इथं चिखलात यावं लागलं नसतं. पण आमचे ढिवर पडले पाण्यातले. पाण्यात ठोकलेला खुंट कुजतो, एवढंच त्यांनी बापजाद्यांपासून पाहिलेलं. हा खुंट पाण्यात उभा राहून जगला, फुलला, म्हणजे देवीच पावली की! टोल्यानं कुंपणाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. डोमानं ओंजळीत पाणी घेऊन सगळ्यांदेखत शब्द दिला, या कुंपणाला माझा कोयता लागणार नाही. देवकाठी असं तिचं नाव पडलं. पहिलं फूल केजानं केसांत माळलं. आता तिलाच आम्ही बेशरम म्हणतो, तुम्हीही म्हणता.

पुढं काय झालं ते समोर दिसतंयच. कुंपणाचं रान झालं. रानात गाळ अडकला, गाळावर पुन्हा रान. मासे यायचे, वळणावर थबकायचे आणि माघारी फिरायचे. तलाव नुसता पाण्याचा राहिला. डोमाला टोला तोंडावर काही बोलत नव्हता, पण त्याच्या ओसरीवर तंबाखू मळायलाही कोणी येईना. शेवटी त्यानं देवीपुढे नाक घासलं, दिलेला शब्द मागं घेतला आणि कोयता घेऊन उतरला. त्याच्यामागं सगळा टोला उतरला. पोटासाठी उतरले बिचारे, आणखी काय. तोडलेलं सगळं पाण्यात लोटलं. ओढ्यात अडकलेला कचरा धारेला लावायचा, हीच त्यांची रीत. केजानंही दोन्ही हातांनी लोटलं. फुलांसकट दांडे वळणाआड जाताना बघून तिला बरं वाटलं म्हणे.

या बेशरमची जात अशी, की तुकडा जिथं टेकेल तिथं मूळ धरतो. हे त्यांना कोण सांगणार?

पोळ्याच्या वेळी केजाचा भाऊ आला, सुकरू. दर खेपेला तो माहेरची सुकी मासळी घेऊन यायचा, या खेपेला रिकाम्या हातानं आला. केजानं त्याला पाणी दिलं, बापाची खुशाली विचारली. सुकरू बोलता बोलता म्हणाला, बाई, आमच्या डोहात एक झाड आलंय, जांभळ्या फुलाचं, अर्धा डोह खाल्ला त्यानं, कुठून आलं देव जाणे. केजा चुलीपुढं बसली होती. सुकरूचं पुढचं बोलणं तिनं मान खाली घालून ऐकलं. बापानं ठरवलं होतं, उन्हाळ्यात डोह साफ करायचा आणि एक हंगाम वाट बघायची. मासे आले तर सावरघाट सोडायचा नाही. नाही आले तर म्हातारपणी दुसऱ्याच्या पाण्यावर जायचं. हे झाड वरून आलंय, आणि माझ्याच हातांनी आलंय, हे केजा भावाला सांगू शकली नाही.

उन्हाळा आला. आमच्याकडचं रान मुळापासून पुन्हा फुटलंच होतं, तेव्हा टोला पुन्हा कोयते घेऊन उतरला. डोमानं पहिला भारा तोडला आणि धारेला लावायला वाकला. केजा खाली वळणावर पाण्यात जाऊन उभी राहिली, जाळं पसरून. डोमा म्हणाला, केजे, सर तिथून, वाहू दे. एवढं उचलून न्यायला हात कोणाकडे आहेत?

केजा म्हणाली, "खाली माझा बा राहतो."

डोमानं भारा उचलला आणि काठावर नेऊन टाकला. मग सगळेच तसं करू लागले. केजा रोज सकाळी वळणावर उभी राहायची ती ऊन उतरेपर्यंत. निसटलेलं एकेक पान वेचायची. तिच्या पायांची कातडी पांढरी पडली, बोटांच्या बेचक्या चिरल्या. सासू ओरडायची, घरात बघ म्हणून. पण ओढा मोकळा होत चालला होता, खाली एक तुकडा जात नव्हता, आणि तिकडे बाप डोह साफ करतोय हे तिला माहीत होतं. त्या दिवसांत ती कामात गाणीही म्हणायची म्हणतात.

एक चूक तेवढी झाली, आणि ती कोणाच्या ध्यानातच आली नाही. तोडलेलं सगळं काठावर रचलं होतं. पाण्याच्या अगदी कडेला. मोठा ढीग झाला होता.

वैशाखातच एका दुपारी आभाळ भरून आलं. गारा पडल्या आणि वरच्या रानातलं पाणी लोंढ्यानं ओढ्यात आलं. काठ बुडाला. ढीग हलला, तरंगला आणि निघाला. केजा वळणावरच होती. तिनं जाळं ताणून धरलं, जाळं भरलं आणि फाटलं. मग तिनं अंगानं अडवलं. डोमानं उडी टाकून तिला दंडाला धरून बाहेर ओढलं, तेव्हा ती त्याला मारत होती म्हणे, सोडा मला, सोडा म्हणून. दोघं काठावर बसली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उन्हाळ्याची सगळी मेहनत वळणाआड गेली. आमचा ओढा मात्र अगदी साफ झाला होता. काय करणार सांगा.

पाणी ओसरल्यावर केजा काठाकाठानं माहेराकडे निघाली. वाटेत अडकलेले दांडे ओढून काढत, उंच जागी फेकत. किती काढणार एकटी बाई? सावरघाटला पोचली तेव्हा बाप डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं साफ केलेल्या डोहावर दांड्यांचा थर बसला होता, पाणी दिसत नव्हतं. म्हाताऱ्यानं लेकीला बघितलं, तिचे हातपाय बघितले. त्याला सगळं कळलं असावं. तो चिडला नाही. म्हणाला, यंदा तुझी पानं काही दिसली नाहीत बघ, या गचपणात अडकत असतील. मग त्यानं विचारलं,

"वरचं पाणी साफ झालं का, माय?"

केजा म्हणाली, "झालं, बा."

"मग बरं झालं," बाप म्हणाला.

त्यानं हंगामाची वाट बघितली नाही. पावसाळ्याआधीच सावरघाट उठला. चुलीची मडकी, जाळी, म्हाताऱ्या बाया, सगळं घेऊन माणसं निघाली. कुठं गेली, कोणी नीट सांगत नाही. कोणी म्हणतात मोठ्या नदीला, कोणी म्हणतात पार डोंगराकडे. केजाला मात्र पुढं माहेर राहिलं नाही. तिनं पाण्यात पळसाचं पान पुन्हा सोडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रान परत आलं. केजा परत वळणावर उभी राहिली. लोक म्हणाले, अगं आता खाली कोण आहे? तिनं जाळं पसरलं. तोडलेलं आता ती काठावर ठेवू देईना. पाटीनं डोक्यावर वाहून या काळ्या खडकावर न्यायची, पसरायची, पापडासारखं उलटवायची, दांडा हातात मोडेपर्यंत. इथंवर पूर कधी चढत नाही. पहिल्या वर्षी ती एकटीच होती, मग तिची जाऊ आली, मग शेजारची सून आली. कोणाचं माहेर खाली, कोणाचं वर, कोणाचं ओढ्यावरच नाही, तरी आल्या. केजा म्हातारी होऊन या खडकावर वाळवण उलटवतानाच गेली म्हणे. तेव्हापासून या खडकावर शेवाळसुद्धा धरत नाही असं सांगतात. पावसाळ्यात येऊन बघा हवं तर.

बेशरम काही गेली नाही. दर वर्षी तोडतो, दर वर्षी येते. मासे येतात, पण डोह गाळानं भरल्यापासून पहिल्यासारखे नाहीत. तुम्ही आलात, चार हात वाढले, चांगलं झालं. पण पुढच्या वर्षी येऊन बघाल तर रान असंच उभं असेल, तेव्हा माझ्यावर रागावू नका.

आजही काम संपलं की रांगेतली सगळ्यात थोरली सून तिथंच पाण्यात उभी राहून खालच्या अंगाला तोंड करते आणि हाक देते. यंदा हाक माझ्या सुनेची आहे. ते बघा, जाळी उचलली त्यांनी. आता जरा गप्प बसा.

"बा, पाणी साफ झालं गा!"

नाही, अजून उठू नका. डोहावरून कोणी ओ द्यायची म्हटली तर ती इथं पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ बायका पाण्यात थांबतात. मग लुगडी पिळतात आणि घरी जातात.