गजऱ्यात अडकलेली परी

गप बसा आणि ऐका. मोगऱ्याच्या मळ्याच्या टोकाला एक एवढुशी झोपडी होती. छपराला इतकी भोकं, की पडल्या पडल्या चांदण्या दिसायच्या. तिथं मैना राहायची आणि तिची आई. दोघी गजरे करून विकायच्या. गरिबीचं मैनाला काही वाटत नव्हतं, पण हल्ली आई हसायचीच नाही. मैना विचारायची, काय झालं गं? आणि आईनं तोंड उघडायच्या आत हिचीच टकळी सुरू. खारूताईनं काय पळवलं, बेडूक कुठं आपटला. आई नुसती "हं" म्हणायची.

एका दुपारी मैना गजरा गुंफत होती, तर एक कळी शिंकली. आत चिमुकली परी! पंख मोरपिशी, झगा केशरी, आणि इवलासा पाय दोऱ्यात गच्च. मैनानं होता नव्हता तेवढा गजरा उसवला आणि तिला अलगद सोडवलं.

"माग काय हवं ते," परी म्हणाली.

"आईनं माझ्याशी बोलावं."

"तिचं तोंड मला उघडता येत नाही. तुझं बंद राहतंय का बघू."

परीनं तिच्या तळहातावर एक रुपेरी कळी ठेवली आणि स्वतः आत शिरली. नियम असा, की एकदा विचारलं की गप. आई जे बोलेल, त्यातलंच पुढं विचारायचं. मध्येच स्वतःचं घुसडलं, तर कळी कायमची मिटणार.

संध्याकाळी मैनानं विचारलं, "आई, जेवलीस का गं?"

"हो."

मैनाच्या जिभेवर अख्खी खार नाचत होती. तिनं ओठ दाबले, गाल फुगवले, तोंडाचा नुसता फुगा झाला. कळीची एक पाकळी हळूच उलगडली.

बऱ्याच वेळानं आईच म्हणाली, "कुठली जेवले. घास उतरत नाही बघ."

"का उतरत नाही?"

आईनं हातातली सुई खाली ठेवली. "सुईचं नेढं दिसेना झालंय मला, मैने. दोराच ओवता येत नाही. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

"मग दोरा मी ओवून देते. गजरा तू गुंफ."

आई हसली. अगदी खळीसकट. तशी कळी फट्कन उमलली आणि झोपडीभर गुलाबी, निळा, सोनेरी उजेड सांडला. परी गिरकी घेत वर गेली, सुईच्या नेढ्यावर एक लुकलुकता ठिपका ठेवला, आईलाही दिसेल असा, आणि उजेडातच विरघळून गेली.

"आता बोल," आई म्हणाली. "कधीची गाल फुगवून बसलीयस. खार आली होती ना?"

मैना सांगत सुटली. आणि आई या खेपेला "हं" म्हणाली नाही. म्हणाली, "बरं, मग गं?"