कोरडी पायरी

बलाढ्यांना निरुत्तर करणारी माणसे लोककथेत सहसा दरबारात उभी असतात; तायाप्पा मात्र मिरजेतल्या एका बेकरीच्या गल्ल्यासमोर उभा होता. कित्येक वर्षे तो याच बेकरीच्या पायरीवर झोपायला येई. बेघरांना काम शिकवणाऱ्या एका संस्थेने त्याला पाव भाजायला शिकवले आणि नोकरीसाठी नेमके इथेच पाठवले.

मालक मगदूमशेठ गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काम येत असेल रे, पण ओळखीशिवाय मी कुणाला ठेवत नाही. गावात तुला ओळखणारा एक तरी माणूस आण, जा!"

तायाप्पा विचारात पडला. त्याला नावाने हाक मारणारे कोणीच उरले नव्हते.

"आहे की एक, शेठ," तो अखेर म्हणाला. "तुम्हीच. मी झोपू नये म्हणून दुकान बंद करताना तुम्ही पायरीवर बादलीभर पाणी ओतता. एवढ्या मोठ्या गावात रोज माझी आठवण ठेवणारं दुसरं कोण आहे?"

गिऱ्हाइके हसली, शेठ हसले नाहीत. त्यांनी खुंटीवरचा अ‍ॅप्रन काढून त्याच्यापुढे ठेवला.

त्या संध्याकाळी शेठनी बादली उचललीच नाही. तायाप्पा आत भट्टीच्या उबेला एकटाच पहुडला होता, आणि बाहेर कोरड्या पायरीवर झोपायला कोणी नव्हते.