पैलवानाच्या पिशव्या

जिथे ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, अशा काळ्या रानात एक गाव होतं आणि त्या गावात सटवाजी नावाचा एक पैलवान होता. एका कुस्तीत त्याचा खांदा निखळला, तो काही पुन्हा नीट बसला नाही. तेव्हापासून ना त्याला गोफण फिरवता येई, ना विळा चालवता येई. गाव त्याला मायेने जेवू घाली, पण त्याला स्वतःलाच तो घास गोड लागत नसे. एवढ्या धिप्पाड माणसाने पारावर बसून माश्या मारायच्या, याची त्याला भारी लाज वाटायची.

त्या गावाची एक रीत होती. ज्वारी भरात आली की भोरड्या नावाच्या पाखरांचे थवे रानावर तुटून पडत. गोफणीने थोडंफार पीक वाचे, पण बियाण्याच्या बाबतीत थोडंफार चालत नाही. म्हणून प्रत्येक घर बियाण्यासाठी टपोरी कणसं निवडी, प्रत्येक कणसावर कापडी पिशवी चढवी आणि खालून नाडी आवळून टाकी. या पिशव्या ठकूबाई शिंपीण शिवायची. त्या वर्षी मात्र तिच्या डोळ्यांपुढे सगळं धुरकट झालं. गावातले बाकीचे हात राखणीत गुंतलेले. पिशव्या झाल्या नाहीत तर पुढच्या वर्षी पेरायचं काय?

सटवाजी ठकूबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मावशी, मला शिकवा."

"तुला? आरं, तुझ्या त्या बोटांत सुई दिसंल तरी का?"

"तुम्हाला तरी कुठं दिसतीया? दोघं मिळून हुडकू की!"

ठकूबाई खळखळून हसली आणि तिने त्याला आत घेतलं.

पैलवानाने घाम गाळून पहिली पिशवी शिवली. चारही बाजू अगदी नेटाने शिवल्या, कणीस घालायला तोंडच ठेवलं नाही. दुसरी त्याने मांडीवर घेऊन शिवली. उठला तेव्हा पिशवी धोतरालाच लटकत होती. तिसऱ्या पिशवीचा नेफा त्याने दोन्हीकडून बंद करून टाकला, आता नाडी ओवणार कुठून? शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सटवाजीही हसला आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागला.

हळूहळू पिशवीसारखी पिशवी होऊ लागली. लांब लांब टाके घालत त्याने भराभर एक ढीग रचला आणि छाती फुगवून मावशीपुढे ठेवला. ठकूबाईने त्यातली एक उचलली आणि शिवणीवरून करंगळी फिरवली. करंगळी दोन टाक्यांमधून सरळ आत गेली.

"माझी करंगळी शिरली तिथं भोरडीची चोच शिरणार न्हाई व्हय? उसव. दर टाक्याला सुई आधी मागं आणायची, मग पुढं न्यायची. हिला उलटी टीप म्हंत्यात."

"सगळ्या उसवू?"

"सगळ्या."

पैलवानाचं तोंड एवढंसं झालं. तो उसवायला बसणार, तोच पाटील आले. गावात जे काही नवं तयार होई, त्याचा पहिला मान पाटलांचा. पहिला गूळ त्यांच्या घरी जाई, पहिला हुरडाही त्यांच्याच घरी, मग पहिल्या पिशव्या दुसरीकडे कशा जातील?

"वा रं सटवा! ढीग घातलास की. भर या गोणीत."

त्याच्या हातची पहिली पिशवी पाटलांच्या रानात मिरवणार होती. गप्प बसला असता तर शाबासकी मिळाली असती आणि उसवायचं कामही टळलं असतं. पण तो ढिगापुढे आडवा उभा राहिला.

"पाटील, ह्या कच्च्या हायेत. थोडं थांबा, पक्क्या शिवून देतो."

"म्हंजे गावाला आधी आन् पाटलाला मागनं? पहिला मान आमचा हाय!"

"मान तुमचाच, पर शिवण वाईट हाय. माझ्याच हातची हाय म्हणून सांगतो."

पाटलांनी ऐकलं नाही. त्यांनी स्वतःच गोणी भरली आणि ते चालू लागले.

उरलेल्या पिशव्या सटवाजीने उसवल्या. आपल्या हातांनी शिवलेलं आपल्याच हातांनी उसवताना जिवाला किती लागतं, ते ज्याने उसवलंय त्यालाच ठाऊक. सुई मागे, सुई पुढे. बोटांची चाळण झाली, दुखरा खांदा ठणकू लागला. लोक दाराशी येऊन ओरडू लागले, "पैलवान, द्या की हायेत तशा! पाखरं यायला झाली!" तो प्रत्येक पिशवीची शिवण चाचपून बघे आणि म्हणे, "पक्की झाल्याबिगर न्हाई द्यायचा." शेवटी घरोघर पिशव्या पोहोचल्या, कणसांवर चढल्या आणि भोरड्या आल्या.

आभाळ काळं झालं. गोफणी सुटल्या, डबे वाजले, पोरं ओरडून ओरडून थकली. पाखरं पिशव्यांना लोंबकळत होती, शिवणींवर चोची मारत होती. सटवाजी बांधावर उभा होता आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

थवा उडून गेल्यावर गाव रानात धावलं. पाटलांच्या रानात पिशव्या फाटक्या तोंडांनी लोंबत होत्या आणि आतली कणसं मोकळी बोडकी झाली होती. बाकीच्या सगळ्या रानांत मात्र एकही टाका उसवला नव्हता! लोकांनी नाड्या सोडल्या, टपोरे दाणे बाहेर आले आणि एकच जल्लोष झाला. ठकूबाई चाचपडत बांधापर्यंत आली, तिने एका शिवणीवरून करंगळी फिरवली आणि ओरडली, "न्हाई शिरत! माझ्या पैलवानाची शिवण हाय ती!" हलगी कडाडली, लोक नाचले, आणि सटवाजी लहान पोरासारखा रडला. त्या दिवशीची भाकरी त्याला कधी नव्हे एवढी गोड लागली.

गावाने पाटलांना बियाण्यावाचून ठेवलं नाही. घराघरांतून त्यांच्याकडे बियाणं गेलं आणि सटवाजी ते स्वतः घेऊन गेला. पाटलांनी ते मान खाली घालून घेतलं.

पुढच्या वर्षी ज्वारी भरात आली तेव्हा पाटील ठकूबाईच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. "पैलवान," ते म्हणाले, "औंदा आधी गावाला द्या. आम्हाला शेवटच्या चालतील."

सटवाजीने दात लावून दोरा तोडला आणि हातातली पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"शेवटच्या कशापायी, पाटील? आता पहिलीसुदिक पक्कीच निघतीया!"

तात्पर्य: आपलं कच्चं काम कच्चं आहे हे जो स्वतःहून सांगतो आणि उसवून पुन्हा शिवायला बसतो, त्याचा हात बसतो; मानापायी कच्चं काम पदरात घेणाऱ्याकडे मान उरतो, पेरायला दाणा उरत नाही.