न वाजवता घेतलेला शब्द

एकदा एक वृद्ध पंडित होते. इंग्रजी कोशांचा त्यांचा व्यासंग इतका दांडगा, की त्यांच्या घरची वाळवीसुद्धा म्हणे अर्थ विचारल्याशिवाय पान कुरतडत नसे. त्यांचा एक शिष्य होता. तिशी ओलांडलेला, बुद्धिमान, आणि ती बुद्धी चारचौघांत मिरवण्याची भारी हौस असलेला.

एका बाजारच्या दिवशी शिष्य हसतच आला. पेठेतल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दुकानावर आजोबांच्या वेळची इंग्रजी पाटी होती, 'आयर्नमाँगर'. शिष्याने ती भर गर्दीत वाचली आणि सांगितले की, शेटजी, आयर्न म्हणजे लोखंड खरे, पण माँगर म्हणजे युद्धे पेटवणारा, अफवा विकणारा. कोशात तसेच आहे. लोक खो खो हसले. एकाने तर 'काय लावालावीशेट, आज काय भाव?' असेही विचारून घेतले. व्यापाऱ्याला इंग्रजी येत नव्हते. तो नुसता पाटीकडे बघत राहिला.

पंडितांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्याच्याकडून एक बिडाची कढई आण. मात्र वाजवून घेऊ नकोस."

शिष्य बुचकळ्यात पडला, पण गेला. व्यापाऱ्याने मान वर न करता कढई काढली, अधांतरी धरली आणि तिच्यावर पळीचा ठोका दिला. आवाज बद्द आला. ती त्याने बाजूला ठेवली. दुसरीही तशीच. शिष्य म्हणाला, असू द्या, कशीही चालेल.

"तुम्हाला चालेल हो," व्यापारी म्हणाला. "न वाजवता या दुकानातून भांडं जात नाही. आजोबांचा नियम आहे."

तिसरी ठणठणीत वाजली, तेव्हाच त्याने ती हातात दिली.

शिष्याने हे सांगताच पंडित म्हणाले, "लॅटिनमध्ये 'माँगर' या शब्दाचा पूर्वज म्हणजे माल चोपडून, चकाकवून विकणारा व्यापारी. जन्मच बदनाम. पण पुढे इंग्रजांच्या बाजारात मासळीवाल्यांनी, लोखंडवाल्यांनी तो शेकडो वर्षे सचोटीने वागवला आणि धुऊन काढला. युद्ध आणि अफवा त्याच्या टोपलीत लोकांनी मागाहून घातल्या. तू तेवढ्याच पाहिल्यास. तो माणूस ज्याने अपमान केला त्यालाही तडकलेली कढई देत नाही. तू मात्र तडकलेला अर्थ भर बाजारात वाटून आलास."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिष्य दुकानी गेला. पाटीच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन होता. पाटीची फळी फोडून कढयांखाली आधाराला लावली होती. शिष्याने हात जोडून चूक सांगितली, खरा अर्थ सांगितला.

व्यापाऱ्याने शांतपणे ऐकले. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "पण काल दिवसभर मला माझ्या आजोबांची लाज वाटली, मास्तर. तेवढं कसं परत घेऊ?"

पुढे शिष्याने मोठा कोश रचला. त्या शब्दापुढे पहिला अर्थ त्याने लिहिला तो एवढाच, 'व्यापारी'. लोकांनी कोशाची वाहवा केली. पेठेतून जाताना मात्र तो त्या चौकोनाकडे पाहत नसे.