भाषेतून काढून टाकलेलं वर्ष

एकदा एक संशोधक विद्यार्थिनी विद्यापीठात संगणकासाठी नवी भाषा घडवत होती. प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. निरनिराळ्या विषयांच्या अभ्यासकांना आपापली आकडेमोड सहज मांडता यावी, हा तिचा हेतू. ही भाषा त्यांच्या वापरात टिकली, तरच तिच्या प्रबंधाला अर्थ होता.

टिकण्याची लक्षणं मात्र दिसेनात. तिने भाषेत 'वर्ष' हा शब्द दिला होता, जानेवारी ते डिसेंबर. भूजलाच्या अभ्यासक फणसळकर बाईंनी कळवलं, "आमचं वर्ष जूनपासून, पावसाबरोबर." तिने त्यासाठी वेगळा शब्द घातला. अर्थशास्त्रवाले म्हणाले, आमचं एप्रिलपासून. तोही घातला. एक घातला की दुसरा बिघडे, तो दुरुस्त केला की तिसऱ्याची तक्रार येई. जेवताना तिचा डोळा मोबाइलवर, प्रबंधाचा शेवटचा अध्याय तसाच पडलेला. मुलगी हुशार, पण जगातली सगळी वर्षं आपणच पुरवायची असा हट्ट धरून बसली होती.

अखेर ती आपल्या वृद्ध प्राध्यापकांकडे गेली. त्यांनी तरुणपणी घडवलेली भाषा अजून वापरात होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिचा लॅपटॉप पुढे ओढला आणि 'वर्ष' हा शब्दच भाषेतून काढून टाकला. त्याची सगळी भावंडंही.

"सर, हे काय केलंत? लोक भाषा सोडून जातील! पुढच्या महिन्यात मला प्रबंध सादर करायचा आहे!"

"जातीलही. आता एकच कर. ज्या साधनांनी तू शब्द घडवतेस, ती त्यांच्या हाती दे. त्यांच्या शब्दाला भाषेने तुझ्या शब्दाइतकाच मान द्यावा."

"आणि त्यांनी चुकीचं काही घडवलं तर?"

"घडवतील की. तू नाही घडवलंस?"

ती रागावूनच बाहेर पडली. पण दुसरा उपाय नव्हता, म्हणून सांगितलं तसं केलं. मग तक्रारी थांबल्या. मागण्याही थांबल्या. ही शांतता तिला तक्रारींहून जड गेली. भाषा मेली, असंच तिने धरलं. शेवटी राहवेना, तेव्हा वापरणारे आपले प्रोग्रॅम जिथे ठेवत, ती सामाईक जागा तिने उघडून पाहिली.

फणसळकर बाईंनी आपलं जूनचं वर्ष केव्हाच घडवलं होतं. अर्थशास्त्रवाल्यांनी आपलं. आणि किनाऱ्यावरच्या मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने नारळी पौर्णिमेपासून सुरू होणारं वर्ष घडवलं होतं, पंचांगाप्रमाणे दरवेळी पुढेमागे सरकणारं. असं वर्ष तिला जन्मात सुचलं नसतं. तिला फार आनंद झाला, आणि त्याबरोबर आत काहीतरी टोचलंही.

ती पुन्हा सरांकडे गेली. "सर, भाषा चालतेय. पण मग तिच्यात माझं काय राहिलं?"

"त्या मासेमारीवाल्याने तुला विचारलं होतं?"

"नाही. मी त्याला ओळखतही नाही."

"आपल्याला सुचेल तेवढंच पुरवणारी भाषा आपल्याबरोबरच थांबते, बाळ. तो तुला न विचारता पुढे गेला, कारण तू वाट मोकळी ठेवलीस. ते तुझं." मग ते म्हणाले, "मला पहिल्यांदा कुणी विचारलं नाही, तेव्हा मलाही बरं वाटलं नव्हतं."

ती हसली. घरी जाऊन तिने शेवटचा अध्याय लिहायला घेतला.

आपण घडवलेलं आपल्यावाचून चालू लागलं, की जीव थोडा कासावीस होतोच. होऊ द्यावा, पण जे चालू लागलं त्याला परत बोलावू नये.