इनामदारांचा ढीग

सरका जरा पुढे, लहान असा की थोर! गोष्ट फार जुनी आहे, नदीकाठच्या एका राज्यातली.

तिथे दोन गुरुकुलं होती, एक डोंगरावरचं आणि एक नदीकाठचं. दरवर्षी त्यांचा हुतूतूचा सामना व्हायचा, आणि आदल्या दिवशी नदीकाठच्या गावात चौकात भरायचा अंदाजाचा बाजार. जो संघ जिंकेल असं वाटेल, त्याच्या ढिगात आपली ज्वारी ओतायची. ज्यांचा अंदाज खरा, त्यांनी दोन्ही ढीग वाटून घ्यायचे. गंमत म्हणजे, ज्याचा ढीग मोठा तोच संघ जिंकायचा! बाजार कधी चुकलाच नव्हता.

त्या वर्षी गावातल्या नावाड्याने डोंगरच्या गड्यांना नदीपार आणलं. त्यांचा सगळ्यात तरबेज गडी होडीतून उतरताना कळवळला. पाय टेकवेना त्याला! नावाडी धावतच घरी गेला.

"अगं, नदीवालेच जिंकणार!" असं ओरडत त्याने हिवाळ्याच्या बेगमीचं पोतं खांद्यावर टाकलं.

"अहो, निदान अर्धं तरी ठेवा," बायको म्हणाली. पण ऐकतो कोण!

चौकात येऊन बघतो तर काय, डोंगरचा ढीग माणसाच्या डोक्याएवढा! सकाळी सगळ्यांच्या आधी गावच्या इनामदारांनी गाडीभर ज्वारी ओतली होती आणि मागोमाग सगळ्या गावाने. नदीवाल्यांच्या ढिगात फक्त तिथल्या गुरुकुलाच्या स्वयंपाकीणबाईंची ओंजळभर.

नावाड्याचे हात थबकले. 'एवढी माणसं चुकतील होय? मलाच काहीतरी भलतं दिसलं असेल.' आणि बेट्याने अख्खं पोतं डोंगरच्या ढिगात रिकामं केलं!

दुसऱ्या दिवशी सामना काय रंगला म्हणता! ढोल वाजतायत, धुरळा उडतोय, पोरं झाडांवर चढलीत. शेवटी दोन्हीकडे एकेकच गडी उरला. डोंगरचा तो तरबेज गडी चढाईला गेला, समोरच्याला शिवला, गर्रकन वळला, आणि रेषा हातभर राहिली असताना पाय दुमडून कोसळला. दम तुटला! नदीवाले जिंकले!

वैद्यबुवांनी कपाळावर हात मारला. "अरे, परवा डोंगरावर जाऊन त्या घोट्याला लेप मीच लावला होता!"

"मी तिथे दूध घालायला गेले तेव्हा लंगडतच होता की तो," गवळीण म्हणाली.

"मग डोंगरच्या ढिगात का ओतलंत?" नावाडी ओरडला.

"ढीग बघून!" दोघंही म्हणाले.

नावाडी तरातरा इनामदारांकडे गेला. "सरकार, तुम्ही काय बघून ओतलीत एवढी ज्वारी?"

"मी कुठे काय बघितलं?" इनामदार म्हणाले. "माझा भाचा शिकतो डोंगरच्या गुरुकुलात."

स्वयंपाकीणबाई गाड्या भरभरून ज्वारी घेऊन गेल्या. नावाडी रिकामं पोतं घेऊन घरी आला. बायकोने सगळं ऐकलं. तिचे डोळे भरून आले.

"अहो, त्याचा पाय तुम्ही स्वतः पाहिला होतात ना?" ती म्हणाली. "मग ढिगाकडे कशाला बघत बसलात?"

तो सगळा हिवाळा दोघांनी कंदमुळं उकडून काढला.

तात्पर्य: प्रत्येकाने स्वतः पाहिलेलं सांगितलं तरच दहाजणांचा अंदाज खरा ठरतो, एकमेकांकडे बघून सांगितलेला अंदाज पहिल्या एकट्याचाच असतो.